गुरूचे विश्व वेगळे, शिष्याचे वेगळे

पुण्याच्या गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिच्या मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. चौघांचे काळ वेगळे, देश वेगळे, मतेही वेगळी. पण एकाच चौकात ते शांतपणे नांदतात. या चौकाच्या आजूबाजूच्या खोल्यांतून कित्येक वर्षे दोन हाडामांसाची माणसेही अशीच वावरत होती. एक होते डॉ. जयंत नारळीकर. दुसरे त्यांचे विद्यार्थी डॉ. थानू पद्मनाभन. विश्वाचा जन्म एका महास्फोटातून झाला, हे गुरूंना मान्य नव्हते. शिष्याचे बहुतेक आयुष्य त्या महास्फोटानंतर काय काय घडले याचा हिशेब मांडण्यात गेले. तरीही दोघांनी मिळून पुस्तक लिहिले, लेख लिहिले आणि एका छपराखाली काम केले.

आपल्याकडे दोन भावांत बांधावरून अबोला होतो, सासू-सुनेत मिठाच्या चिमटीवरून वाद होतो. इथे तर अख्ख्या विश्वावरून मतभेद होता!

वनखात्यातल्या घरातला मुलगा

नारळीकरांचे नाव मराठी घरांना नवे नाही. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर काम करत. जयंतराव केंब्रिजला गेले, फ्रेड हॉएल यांचे विद्यार्थी झाले आणि १९६४ साली गुरुत्वाकर्षणाच्या हॉएल-नारळीकर सिद्धांतामुळे जगाला ठाऊक झाले. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले.

याच संस्थेत १९७९ साली केरळचा एक तरुण दाखल झाला. थानू पद्मनाभन याचा जन्म १० मार्च १९५७ रोजी तिरुवनंतपुरम येथे झाला होता. वडील वनखात्यात नोकरीला, पण गणिताचे मोठे जाणकार. घरात पैसा बेताचा, पुस्तकांची आणि प्रश्नांची मात्र श्रीमंती. मुलाला आधी गणिताचीच ओढ होती. पुढे फाइनमन यांची भौतिकशास्त्रावरील व्याख्याने हाती पडली आणि त्याची दिशा ठरली. इतर मुले परीक्षेच्या तयारीत असतात त्या वयात, बी.एस्सी. करत असताना, विसाव्या वर्षी त्याने सापेक्षतावादावरचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला.

मुंबईत नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली १९८३ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. विश्वाच्या अगदी आरंभी, जिथे आइन्स्टाइनचे समीकरण अडते, तिथे पुंजभौतिकीची मदत घेऊन काय सांगता येईल, हा दोघांच्या आवडीचा प्रश्न होता. त्यावर १९८६ साली दोघांचे एकत्रित पुस्तक निघाले. १९८८ साली नारळीकरांनी पुण्यात आयुका उभी केली आणि १९९२ साली पद्मनाभन तिथे आले. पत्नी वासंती याही खगोलभौतिकीत पीएच.डी. झालेल्या. कन्या हंसा हिनेही पुढे हेच क्षेत्र निवडले. म्हणजे ज्या घरात रात्रीच्या जेवणाला आकाशगंगा तोंडी लावायला असाव्यात, असे ते घर!

वाद कशाचा?

विश्व प्रसरण पावते आहे, हे १९२९ साली हबल यांच्या निरीक्षणांवरून स्पष्ट झाले. फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवावा, म्हणजे प्रत्येक ठिपका दुसऱ्यापासून दूर जातो, तशा दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्या आहेत. मग हा चित्रपट उलटा फिरवला तर? सगळे एकत्र येत येत अत्यंत दाट, अत्यंत तप्त अवस्थेला पोचेल. तीच महास्फोटाची कल्पना. आजच्या हिशेबाप्रमाणे ही गोष्ट सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीची.

हॉएल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली याला पर्याय मांडला. विश्व प्रसरण पावते हे खरे, पण जसजशी जागा वाढते तसतसे नवे द्रव्य थोडे थोडे निर्माण होत राहते. म्हणून विश्व सदैव एकसारखेच दिसते. त्याला आरंभ नाही, अंत नाही. हा झाला स्थिर स्थितीचा सिद्धांत. नारळीकरांनी त्याला गणिताची भक्कम बैठक दिली. नवे द्रव्य निर्माण करणारे एक क्षेत्र त्यांनी समीकरणात आणले. या क्षेत्राचा दाब ऋण होता, म्हणजे ते विश्वाला आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलत होते.

पण १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे अतिशय थंड प्रारण सापडले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश. हा आरंभीच्या तप्त विश्वाचा विझत आलेला निखारा, असे बहुतेकांनी मानले. १९९२ साली 'कोबे' उपग्रहाने त्या प्रारणात एक लाखात एक इतका बारीक चढउतार टिपला. दीर्घिका ज्यातून घडल्या ती हीच बीजे. बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले.

नारळीकर गेले नाहीत. हॉएल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ साली त्यांनी जुन्या सिद्धांताची सुधारलेली आवृत्ती मांडली. 'सगळे म्हणतात म्हणून खरे' ही रीत विज्ञानाची नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. पर्यायी मत ऐकून घ्यावे, तपासावे आणि मगच टाकावे.

आता शिष्याची पंचाईत पाहा. ज्या माणसाने हाताला धरून संशोधन शिकवले, त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहायचे! पद्मनाभन यांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांना महास्फोटाची चौकट अधिक पटत होती. त्या चौकटीत विश्वाच्या जडणघडणीवर त्यांनी १९९३ साली मोठा ग्रंथ लिहिला. आणि गुरूंनी? १९९१ साली, विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणी झालेल्या प्रचंड प्रसरणावरचा आढावा दोघांनी मिळून लिहिला होता. ही कल्पना महास्फोटवाद्यांची. पुढे २००१ साली दोघांनी पुन्हा एक विस्तृत लेख लिहिला. त्यात महास्फोटाचा प्रस्थापित सिद्धांत आणि त्याचे पर्याय यांची शेजारी शेजारी परखड तपासणी होती. वादी आणि प्रतिवादी यांनी मिळून एकच कैफियत लिहावी, असा हा प्रकार.

फिके पडलेले तारे

या दोन लेखांच्या मधल्या काळात, १९९८ साली खगोलशास्त्राला मोठा धक्का बसला.

शंभर वॅटचा दिवा किती प्रकाश देतो हे ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून तो किती लांब आहे हे सांगता येते. एका विशिष्ट प्रकारचे स्फोट पावणारे तारे असे 'ठरलेल्या वॅटचे' असतात. त्यांच्यावरून दोन स्वतंत्र गट दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजत होते. एकाचे प्रमुख सॉल पर्लमटर. दुसऱ्या गटात ब्रायन श्मिट आणि अॅडम रीस. अपेक्षा अशी की, गुरुत्वाकर्षणामुळे विश्वाचे प्रसरण हळूहळू मंदावत असणार. चेंडू वर फेकला की तो सावकाश होत जातो, तसे.

पण तारे अपेक्षेपेक्षा फिके निघाले. म्हणजेच ते अधिक दूर होते. प्रसरण मंदावत नव्हते, उलट वेग घेत होते! वर फेकलेला चेंडू खाली येण्याऐवजी अधिकाधिक वेगाने आकाशात निघून जावा, तसे हे झाले. या शोधाबद्दल तिघांना २०११ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. विश्वाला बाहेर ढकलणाऱ्या या अज्ञात कारणाला 'कृष्ण ऊर्जा' हे नाव पडले. आजच्या मापनानुसार विश्वात ती सुमारे ६८ टक्के आहे. न दिसणारे कृष्ण द्रव्य २७ टक्के. तारे, ग्रह, समुद्र, झाडे, तुम्ही-आम्ही ज्या पदार्थाचे बनलो आहोत, तो अवघा ५ टक्के.

इथे नारळीकरांच्या बाबतीत एक गमतीची गोष्ट घडली. वेग घेणारे विश्व ही कल्पना इतरांना नवी होती, पण स्थिर स्थितीच्या सिद्धांतातले विश्व पहिल्यापासून वेग घेणारेच होते. ऋण दाबाचे क्षेत्र त्यांनी १९६० च्या दशकातच वापरले होते. मात्र ही नवी निरीक्षणे त्यांनी डोळे झाकून आपल्या बाजूचा पुरावा म्हणून उचलली नाहीत. तारे फिके दिसण्याला अवकाशातली लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंची धूळही कारण असू शकेल, असा पर्याय त्यांनी २००२ साली सहकाऱ्यांसह मांडला. तो फारसा स्वीकारला गेला नाही. पण स्वतःच्या फायद्याचा पुरावासुद्धा घासूनपुसून घेणारा माणूस कसा असतो, हे त्यातून दिसते.

न संपणारी गोडी

ही कृष्ण ऊर्जा आहे तरी काय?

सरबताच्या पातेल्यात पाणी वाढवत गेले की सरबत अळणी होते. साखर तेवढीच, पाणी जास्त. विश्वातल्या नेहमीच्या द्रव्याचे असेच आहे. जागा वाढली की ते विरळ होते. कृष्ण ऊर्जा मात्र विरळ होत नाही, निदान आजवर तसे मानले गेले आहे. कितीही पाणी घाला, सरबताची गोडी तीच! कारण ती जागेत मिसळलेली वस्तू नसून जागेचाच गुणधर्म असावी. म्हणून विश्व लहान होते तेव्हा द्रव्याचा जोर चालला. पुढे द्रव्य विरळ झाले आणि सुमारे ५०० ते ६०० कोटी वर्षांपूर्वी या ऊर्जेने बाजी मारली.

आणि ती आहे किती? एक घनमीटर जागेत हायड्रोजनच्या साधारण चार अणूंच्या वस्तुमानाइतकी. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात मावणारी कृष्ण ऊर्जा एकत्र केली, तर तिचे वजन सात मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी! पण विश्वात रिकामी जागाच अफाट, म्हणून एकूण बेरजेत तीच सर्वांत मोठी.

आइन्स्टाइन यांनी १९१७ साली आपल्या समीकरणात असाच एक स्थिरांक घातला होता आणि विश्व प्रसरण पावते हे कळल्यावर काढून टाकला. ऐंशी वर्षांनी तो मागच्या दाराने परत आला. खरी अडचण इथे सुरू होते. पुंजभौतिकीप्रमाणे पोकळी कधीच पूर्ण रिकामी नसते, तिच्यात ऊर्जा खदखदत असते. ती किती, याचा सरळ हिशेब केला तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा एकावर १२० शून्ये इतक्या पटींनी मोठे येते. वाण्याच्या बिलात एक शून्य जास्त लागले तरी आपण भांडायला जातो. इथे एकशे वीस शून्ये!

जिन्याचा हिशेब

या प्रश्नाने पद्मनाभन यांना पछाडले. 'पोकळीचे वजन' या विषयावर त्यांनी २००३ साली लिहिलेला दीर्घ आढावा जगभरच्या अभ्यासकांनी वाचला. आयुकातच वरुण साहनी हे शास्त्रज्ञही याच प्रश्नावर काम करत होते. पण पद्मनाभन यांनी पुढे जी वाट धरली ती वेगळी होती. चूक पोकळीच्या हिशेबात नसून गुरुत्वाकर्षणाच्या आपल्या समजुतीत असेल, असे त्यांना वाटू लागले.

त्यांचा मुद्दा जिन्याच्या उदाहरणाने समजेल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. चेन्नईतले पेरुंगुडी समुद्राजवळच्या सपाटीवर. दोन्हीकडे एकेक बाई भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर चढते. दम सारखाच लागतो. पुण्याची बाई आधीच ५६० मीटर वर आहे, याचे तिच्या गुडघ्यांना काही सोयरसुतक नाही. भौतिकशास्त्रातही असेच आहे. ऊर्जेतला फरक तेवढा महत्त्वाचा असतो, शून्य कुठे धरले याला महत्त्व नसते.

याला अपवाद एकच, गुरुत्वाकर्षण. आइन्स्टाइनच्या समीकरणात समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची मोजली जाते. पोकळीची तळाची ऊर्जासुद्धा वजनात धरली जाते आणि तिथेच १२० शून्यांचा घोटाळा होतो. पद्मनाभन म्हणत, गुरुत्वाकर्षणाचे मूळ नियमही असे मांडायला हवेत की, शून्याची पातळी वरखाली केली तरी ते बदलू नयेत.

ते कसे करायचे? त्यांनी उष्णतेकडे बोट दाखवले. पातेल्यातले पाणी गरम आहे हे हाताला कळते, पण पाण्याच्या एका रेणूला 'तापमान' नसते. ते असंख्य रेणूंच्या धडपडीतून निर्माण होते. कोणतीही वस्तू गरम होऊ शकते, याचा अर्थ तिला सूक्ष्म घटक आहेत, हे बोल्ट्झमन या शास्त्रज्ञाने अणू दिसण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. आता, वेग वाढवत जाणाऱ्या निरीक्षकाला रिकामी पोकळीसुद्धा किंचित उष्ण भासते, असे १९७० च्या दशकात गणिताने सिद्ध झाले आहे. मग अवकाशालाही सूक्ष्म घटक, म्हणजे अवकाशाचे 'अणू', असले पाहिजेत. गुरुत्वाकर्षण हा त्यांच्या सामूहिक वागणुकीचा परिणाम, तापमानासारखा. या विचारावरच्या त्यांच्या निबंधाला २००८ साली अमेरिकेच्या ग्रॅव्हिटी रिसर्च फाउंडेशनचे पहिले पारितोषिक मिळाले.

चार पाय

एवढ्यावर ते थांबले नाहीत. कृष्ण ऊर्जा इतकीच का, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांच्या जोडीला आली त्यांची कन्या हंसा.

विश्वाने दोनदा वेग घेतला. एकदा अगदी आरंभी, निमिषमात्र. दुसऱ्यांदा आता, कृष्ण ऊर्जेमुळे. वरवर पाहता या दोन घटनांचा काही संबंध नाही. बाप-लेकीने म्हटले, संबंध आहे. विश्वातल्या निरीक्षकाला कधीकाळी मिळू शकेल अशी एकूण माहिती मर्यादित आहे आणि तिचे माप एका शुद्ध संख्येने सांगता येते. ती संख्या म्हणजे चार पाय. (हा चालायचा पाय नव्हे, वर्तुळाच्या परिघाचा. चार पाय म्हणजे साडेबाराच्या जवळपास.) एवढे मान्य केले, की आरंभीच्या विश्वातल्या ऊर्जेच्या प्रमाणावरून आजच्या कृष्ण ऊर्जेचे प्रमाण काढता येते आणि ते निरीक्षणांशी जुळते.

हे सर्वांना पटले आहे असे नाही. अवकाशाचे अणू कुणी पाहिलेले नाहीत. पण विश्वाच्या बालपणात त्याच्या म्हातारपणाचे गुपित लिहिलेले असावे, ही कल्पना मात्र विसरता येण्यासारखी नाही.

पद्मनाभन हे अवघड बोलणारे विद्वान नव्हते. १९८० च्या दशकात 'सायन्स एज' मासिकासाठी त्यांनी भौतिकशास्त्राचा इतिहास चित्रकथेच्या रूपात लिहिला. पुढे तो अनेक भारतीय भाषांत गेला. नारळीकरांनी मराठी मुलांसाठी विज्ञानकथा लिहिल्या, शिष्याने चित्रकथा. मते वेगळी असली तरी हा वारसा मात्र जसाच्या तसा घेतला! १९९६ साली भटनागर पुरस्कार, २००७ साली पद्मश्री असे सन्मान मिळत गेले.

दिवा पुढे गेला

१७ सप्टेंबर २०२१ रोजी पुण्यात हृदयविकाराने पद्मनाभन यांचे निधन झाले. वय अवघे ६४. शिष्य आधी गेला, गुरू मागे राहिले. त्यानंतर चार वर्षांच्या आत, २० मे २०२५ रोजी, नारळीकरांनीही पुण्यातच जगाचा निरोप घेतला. दोघांपैकी कुणालाही अखेरचे उत्तर मिळाले नाही.

प्रश्न मात्र जिवंत आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोनामधून लक्षावधी दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या 'डेसी' प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ साली जे निष्कर्ष दिले, त्यांवरून कृष्ण ऊर्जा कदाचित काळानुसार क्षीण होत असावी, अशी शंका निर्माण झाली आहे. म्हणजे सरबताची गोडी थोडी कमी होत असेल! अजून ते पक्के नाही. पक्के ठरले, तर महास्फोटवाद्यांच्या प्रस्थापित सिद्धांतालाही आपला हिशेब बदलावा लागेल आणि पर्याय तपासत राहा म्हणणाऱ्या नारळीकरांची आठवण पुन्हा निघेल.

तिकडे चेन्नईत, लोकल रेल्वेच्या मार्गावर तरमणी आणि पेरुंगुडी ही लागोपाठची स्थानके आहेत. तरमणीला गणितविज्ञान संस्था आहे. तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९६२ रोजी चेन्नईतच शिकलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी केले होते. तिथून थोड्याच अंतरावर आयआयटी मद्रासचा दाट झाडीचा परिसर. तिथे एल. श्रीरामकुमार हे प्राध्यापक आरंभीच्या विश्वावर संशोधन करतात आणि मुलांना शिकवतात. त्यांची पीएच.डी. झाली पुण्यात, आयुकामध्ये, पद्मनाभन यांच्या हाताखाली.

बनारसचे विष्णुपंत, त्यांचे चिरंजीव जयंतराव, त्यांचे शिष्य पद्मनाभन, त्यांचे शिष्य श्रीरामकुमार. कोल्हापूर, बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे आणि चेन्नई. या साखळीत प्रत्येकाने मागच्याची मते तशीच पुढे नेली नाहीत. पुढे नेली ती प्रश्न विचारण्याची सवय. घराघरांतून मुले आईवडिलांच्या मताविरुद्ध बोलू लागली की, 'उलट उत्तर देतोस?' असे आपण पटकन म्हणतो. उलट उत्तर आदराने आणि अभ्यासाने दिलेले असेल, तर ते ऐकून घ्यायला काय हरकत आहे? नारळीकरांनी ते ऐकून घेतले, एवढेच नव्हे, तर त्याखाली आपली सहीही केली.